तीन टाक्या आणि अक्काची खोली

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार (म्हणजे पाणी येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी)

तीर्थरूप अक्कास,

चिंतामणीचा वाकून नमस्कार (गुडघा जेवढा वाकू देतो तेवढा). इकडे मी, रुक्मिणी आणि घरातली सगळी भरलेली भांडी खुशाल आहोत. तुझं मनगट आता कसं आहे? खरं काय ते लिही. "बरं आहे" एवढंच लिहायचं नाही. दिवाळीत कमळाभवानीच्या देवळाच्या पायऱ्यांवर पडून हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हाही तू बारा दिवस "बरं आहे" असंच सांगत होतीस, आणि आम्हाला बातमी कळली ती तुझ्या दूधवाल्याच्या मेहुण्याकडून, तीही भर मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगाशेजारी. फोनवर तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही. "सगळे ठीक ना? ठेवते," एवढं बोलून तू ठेवतेस, आणि मी नंतर पाच मिनिटं बंद फोनशी भांडत बसतो. म्हणून पत्र. नेहमीप्रमाणे तुझ्या मास्तरकीच्या लाल पेनाने चुका काढून परत पाठवलंस तरी चालेल. एकसष्टाव्या वर्षी दहापैकी चार मार्क घ्यायची मला सवय झाली आहे.

विषय तोच, गेल्या सात पत्रांतला. तू करमाळ्याची ती दोन खोल्यांची एकटीची राहणी सोडून आमच्याकडे कायमची राहायला यावंस. सातही पत्रांना तुझं पोस्टकार्डावर एकच उत्तर आलं, "गरज पडेल तेव्हा बघू." अक्का, हे वाक्य मी गेले चार महिने दोन ठिकाणांहून ऐकतो आहे. एक तुझ्याकडून आणि दुसरं विमानतळाच्या सल्लागार समितीकडून. दोन्हीकडे एकाच वेळी डोकं आपटून घेतल्यामुळे या आठवड्यात जे काही घडलं ते तुला सविस्तर सांगायचं आहे. मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

तर आपल्या जिल्ह्यात म्हणे आणखी एक नवं विमानतळ व्हायचंय. अजून तिथे करडई उभी आहे, पण कागदावर विमानं उतरायला लागलीत. त्याच्या सल्लागार मंडळींत मला घेतलं, कारण एकतीस वर्षं मी तेलाच्या डेपोत काढली. (रुक्मिणीचं म्हणणं, मला घेतलं कारण पेठेत दुपारी रिकामा असणारा मी एकटाच. असो.) पहिल्याच बैठकीला विषयपत्रिका हातात आली आणि माझा मेंदू तापला. छताला सोलापुरी चादरीची नक्षी, हा विषय क्रमांक एक. शेंगाचटणीचा गाळा, क्रमांक दोन. फोटो काढून घ्यायची जागा, तिच्यासाठी वेगळी पोटसमिती. आणि विमानाचं इंधन? क्रमांक चौदा, कुंड्यांच्या खाली! मी विचारलं, विमान उतरल्यावर परत जाणार कशावर? तर एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले की ते येतानाच जाण्यापुरतं तेल घेऊन येईल की. आपण लग्नाला जाताना परतीचं तिकीट काढतो तसं.

अक्का, तसं येतंही काही ठिकाणी, नाही असं नाही. पण आपल्याकडचा मे महिना तू विसरलीस का? त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत माणसाला जिना चढवत नाही, तर विमानाला काय होत असेल? हवा तापून पातळ झाली की त्याला वजन घेऊन उठायला जड जातं. त्यात परतीचं तेल आधीच पोटात असेल तर माणसं नाहीतर पेट्या खाली ठेवाव्या लागणार. मी त्यांना सांगितलं, तुमच्या चादरीच्या नक्षीखाली दहा माणसं बोंबलत उभी राहतील आणि विमान त्यांच्या डोळ्यांदेखत जाईल. यावर कुणीतरी विचारलं की विमानाचं पेट्रोल महाग असतं का. मी म्हटलं ते पेट्रोल नसतंच, ते आपल्या रॉकेलचं सख्खं भावंड असतं. हे ऐकून सभेची इतकी निराशा झाली म्हणून सांगू! रांगेत डबा घेऊन उभं राहून आणलेल्या वस्तूवर विमान उडतं हे कुणाला मान्यच होईना.

आमचे अध्यक्ष बसवराजअप्पा. दुधनीचे, भुसारमालाचे मोठे व्यापारी, पांढरेशुभ्र कडक कपडे, माणूस मनाचा मोकळा, पण एकदा मान हलवली की हलवली. ते म्हणाले, "साहेब, दिवसाला दोन इमानं येनार. गेटाभाईर एक टँकर हुबा केला की काम झालं. पुढचं गरज पडंल तवा बघू की." झालं! मला समोर अप्पांच्या जागी साक्षात तूच दिसायला लागलीस, पोस्टकार्डासकट.

मी मग त्यांना तीन टाक्यांचं गणित सांगायला लागलो. तेल टँकरमधून टाकीत ओतलं की लगेच वापरता येत नाही. ते घुसळलेलं असतं. त्याला काही तास निवांत बसू द्यावं लागतं, म्हणजे त्यातलं थेंबभर पाणी, कणभर गंज तळाशी जातो. मग तळातून तेवढं काढून टाकायचं, काचेच्या बरणीत नमुना घेऊन उजेडाकडे धरायचा, आरपार स्वच्छ दिसलं तर विमानाला. म्हणजे एक टाकी भरत असताना दुसरी बसत असते आणि तिसरी वापरात असते. एका टँकरवर हे कसं व्हायचं? आणि तो टँकर तरी वेळेवर येईल का? हंगामात आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आडव्या झाल्या की माणूस तासाचा तास त्याच कडुलिंबाखाली असतो. म्हणून साठा हवा. आणि त्याही पुढचं म्हणजे वीस वर्षांनी दोनाची वीस विमानं झाली तर आणखी तीन टाक्यांना शेजारी मोकळी जागा हवी, आजच राखून ठेवलेली. शेजारी एकदा इमारती झाल्या की तेलाची टाकी तिथे कुणी ठेवू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मोकळी जागा हे दोन शब्द मी उच्चारायला नको होते. नकाशावर मी पेन्सिलीने चौकोन काढला आणि पंधरा मिनिटांत त्यात एक बाग, एक कारंजं (सोलापुरात! कारंजं!), हुरड्याची शेड आणि पाहुण्यांच्या गाड्यांची सोय, एवढं बसवून झालं. माणसाला मोकळी जागा बघवत नाही, अक्का. मी चिडलो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तुमच्या घरी तुम्ही काय करता? पाणी चार-पाच दिवसांआड येतं. एका पिंपात नवं भरता, दुसऱ्यात तुरटी फिरवून ठेवता, तिसऱ्यातलं पिता. सोलापूरच्या कुठल्याही बाईला विचारा, ती तुम्हाला विमानतळ बांधून देईल. (हा दृष्टान्त मला जागच्या जागी सुचला, हे नम्रपणे नमूद करतो.)

अप्पांना ते पटलं, पण अर्धंच. ते म्हणाले, "तुमी म्हनताव ते डोस्क्यात शिरालंय, पन डोळ्यांनी दावा की. तुमच्या घरीच येताव आमी." आणि सगळ्यांसमोर ठरलं की समिती माझ्या घरी येऊन पाण्याची व्यवस्था बघणार, आणि मग जागेचा निर्णय करणार. घरी येऊन हे सांगितल्यावर रुक्मिणी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते इथे लिहीत नाही.

तर गेल्या सोमवारी सकाळी साडेदहाला ते आले. अप्पा, पुण्याहून आराखडा करायला आलेली सई नावाची तरुण इंजिनिअर (हुशार पोर, हातात सतत वही), आणि आपले बडेसाब. बडेसाब तुला आठवत असतील, माझ्या डेपोतून पंचवीस वर्षं टँकर चालवला, आता टँकरवाल्यांच्या वतीने समितीवर आहेत. पाण्याचा दिवस मंगळवार होता, म्हणून मी मुद्दाम सोमवार दिला होता. भांडी घासून, ओळीत लावून, प्रत्येकावर चिठ्ठी: भरणे, बसणे, वापरणे. निम्मी रिकामीच होती, दुसऱ्या दिवशी भरायची म्हणून. मी छडी घेऊन पहिल्या पिंपाशी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि नळाने फस्स केलं. पाठोपाठ शेजारच्या मायाक्का जिन्यातून ओरडल्या, "पानी आलंऽऽ!"

कशामुळे एक दिवस आधी आलं ते देव जाणे. पण पेठेत ही आरोळी झाली की समिती-बिमिती काही उरत नाही. रुक्मिणीने पदर खोचला आणि पहिला हंडा अप्पांच्याच हातात दिला. अक्का, तो पांढराशुभ्र माणूस एका अक्षराने तक्रार न करता जिन्यातून हंडे चढवायला लागला. वर धोतर खोचून मलाच ओरडत होता, "साहेब, बघालाव काय, पिंप सरकवा की!" बडेसाबांनी नळी ताब्यात घेतली. अशी लीलया ती एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवायचे की एक थेंब सांडला नाही. टँकरचा हात तो. सई आधी नुसती लिहीत होती, मग वही टीव्हीवर ठेवून कळश्या भरायला लागली. तासाभरात भरणे, बसणे, वापरणे सगळं काठोकाठ भरलं, चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या आणि नळ अजून चालूच. बडेसाब म्हणाले, "काका, हौर काय हाय का भांडं? इतकं चांगलं पानी वाया चाललंय." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी तिसऱ्या खोलीचं दार उघडलं.

ती खोली तुझी. तुला माहीत आहे. मी घर घेतलं तेव्हाच, अकरा वर्षांपूर्वी, तुला सांगितलं होतं की एक खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. दारावर डेपोतल्या अक्षरांच्या साच्याने मी लाल रंगात "राखीव" असंही लिहिलं होतं (तू हसली होतीस). अक्का, त्या खोलीत काय काय निघालं! चार रिकामी बॅरलं. जुना कूलर. माझ्या नकाशांच्या गुंडाळ्या. दोन मोडक्या खुर्च्या, दुरुस्त करायच्या. रुक्मिणीच्या आईचा पाटा-वरवंटा. डेपोने निरोपाला दिलेलं घड्याळ, खोक्यासकट. जमीन दिसत नव्हती. आत शिरायला बडेसाबांना आडवं व्हावं लागलं.

अप्पा कपाळावरचं पाणी पुसत दारात आले. त्यांनी ती लाल अक्षरं वाचली. मग आत बघितलं. मग माझ्याकडे. "राखीव. कुनासाठी वो?" मी सांगितलं, थोरल्या बहिणीसाठी, आई गेल्यावर जिने मला वाढवलं, शाळेत घातलं, स्वतः लग्न केलं नाही. "मग अक्का कुटं हायती?" मी म्हटलं, येतील, गरज पडली की. माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, अक्का. माझ्याच. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "जागा तुमी राखून ठिवली आन् तुमीच भरून टाकली की. अक्का उद्या आल्या तर काय बॅरलात निजनार? मंग आमी तितं कारंजं केलं तर काय चुकलं आमचं?"

मला लाज वाटली, अगदी खरी लाज. सईसमोर, बडेसाबांसमोर, आणि तू नसून तुझ्यासमोर.

बडेसाबांनी मग त्यातलं एक बॅरल बाहेर काढून धुतलं, भरलं, आणि चहाला बसल्यावर बोलता बोलता तेच म्हणाले की त्यांच्या अब्बांनी शेताच्या बांधाला जागा ठेवली होती, धाकट्या भावाच्या घरासाठी. नुसती ठेवली तर शेजाऱ्याची गुरं बांधली जायला लागली. मग त्यांनी नुसता पाया घातला. भाऊ सहा वर्षांनी आला, पण तोवर पाया ओलांडून कुणी गुरं बांधली नाहीत. सईने पटकन वही उघडली. तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पुढच्या टाक्या वीस वर्षांनी होवोत, त्यांच्यापर्यंतचे पाइप मात्र पहिल्या दिवशीच जमिनीखालून नेऊन तोंडं बंद करून ठेवायची, आगीच्या पाण्याची लाइनही आजच, कुंपणही आजच. खाली पाइप आहे म्हटल्यावर कारंजं कोण खणणार? अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि शुक्रवारच्या बैठकीत सही केली. तीन टाक्या आत्ता, तीन टाक्यांची जागा पुढची. विषय क्रमांक चौदा मंजूर. हुरड्याची शेड पार्किंगपलीकडे गेली. मी जिंकलो, आणि घरी येऊन त्या दारासमोर उभा राहिलो.

तेव्हा मला कळलं, अक्का, की मी तुझ्यासाठी खोली ठेवलीच नव्हती. मी दारावर एक शब्द ठेवला होता. आणि तूही "गरज पडेल तेव्हा" म्हणतेस तेव्हा काय म्हणतेस ते नीट बघ. गरज पडेल म्हणजे तू पुन्हा पडशील. मी रात्रीबेरात्री गाडी करून येईन, तुला उचलून आणीन, आणि इथे तू कॉटवर पडून छताकडे बघत "बरं आहे" म्हणशील. मला तशी आणायची नाही तुला. तुझी सेवा करायला मी तयार आहे, तो प्रश्नच नाही. पण मला तू चालत यायला हवी आहेस. जिना चढताना तीनदा थांबून पेठेतल्या प्रत्येकाचे उच्चार सुधारणारी. रुक्मिणीला भाकरी कडक झाली नाही म्हणून सांगणारी. टाकीत तेल घुसळलेलं असताना विमान येऊन उभं राहिलं तर उपयोग काय? बसायला वेळ द्यावा लागतो ना, माणसालाही. नव्या घरात, नव्या गल्लीत.

काल पाणी आलं तेव्हा मी त्या खोलीत एकही भांडं जाऊ दिलं नाही. खोली रिकामी केली, चुना मारला, कॉट टाकली, पंखा बसवला. बॅरलं आता पुढच्या खोलीत आहेत आणि पाहुण्यांना त्यांच्या मधून वाट काढत खुर्चीपर्यंत जावं लागतं. चालेल. खिडकीतून पेठेतली शाळा दिसते. दहा वाजता घंटा होते. तुला ती ऐकू येईल.

थांबतो. मनगटाला रोज शेक घे. उरलेलं भेटीत, तुझ्याच खोलीत बसून, लाल पेन तुझ्या हातात.

तुझा,
चिंतू

ता. क. १. खरी विनंती इथे लिहितो, वर लिहायचा धीर झाला नाही. तू कायमची ये असं मी म्हणतच नाही. आधी चार दिवस ये. करमाळ्याची जागा सोडू नकोस, किल्ली तुझ्याकडेच असू दे. पाया घालायला ये, एवढंच. येत्या शनिवारी बडेसाब गाडी घेऊन तिकडे निघालेत, त्यांची सोय आहे. मी सोबत असेन. तू नाही म्हणालीस तर आम्ही चहा पिऊन परत येऊ, कटकट करणार नाही. (थोडी करीन.)

ता. क. २. वन्सं, सा. न. वि. वि. मी रुक्मिणी. यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, म्हणून वाचलं. मजकूर खरा आहे. फक्त तीन पिंपांचं यांना जागच्या जागी सुचलेलं नाही. बैठकीच्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्यावर हे तेल कसं बसतं ते मला समजावत होते, तेव्हा मीच म्हटलं की मग आपल्या पिंपांसारखंच की. चुना मारला तोही मी, हे शिडी धरून उभे होते. पण ते जाऊ द्या. हे तुम्हाला कधीच लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. निवृत्त झाल्यापासून हे सकाळी सहाला उठून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसतात. विमानतळाचं काम शुक्रवारी संपलं. काल दुपारी तुमच्या खोलीत कॉटच्या कडेला एकटेच बसले होते, मी दोनदा हाक मारली तरी ऐकू गेलं नाही. मला म्हणाले, अक्का रागावायची तेव्हा दिवस कसा गेला कळायचं नाही. वन्सं, तुम्हाला आमची गरज नाही हे आम्हाला माहीत आहे. आम्हाला तुमची आहे. शनिवारी या. मायाक्का आत्ताच विचारून गेल्या, खोली रिकामी दिसते तर आमची शिलाई मशीन ठेवू का म्हणून. मला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.